प्राध्यापकांच्या खोलीतला माठ

१

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात जाण्याचा प्रसंग आला. विभागात चार नवे अध्यापक रुजू झाले होते आणि त्यांच्या स्वागताचा कार्यक्रम ठेवला होता. फळ्यावर रंगीत खडूने 'हार्दिक स्वागत' लिहिले होते. शाल, नारळ, गुलाबाचे फूल, शेवटी पोहे आणि चहा. सारे रीतीप्रमाणे पार पडले. विभागप्रमुखांनी एकेकाची ओळख करून दिली. पहिल्या तिघांची ओळख त्यांच्या पदव्यांनी, प्रबंधाच्या विषयांनी आणि त्यांनी आजवर शिकवलेल्या वर्गांनी झाली. चौथ्या अध्यापिका उभ्या राहिल्या तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "आणि या आपल्या बॅकलॉगच्या जागेवर आलेल्या मॅडम." एवढ्यावर ओळख संपली. टाळ्या पडल्या. त्या बाईंचाही प्रबंध होता, त्यांनीही आठ-दहा वर्षे शाळेत शिकवले होते. ते कुणी सांगितले नाही आणि काही राहून गेले असे सभागृहात कुणाला वाटलेही नाही.

मला मात्र माझा पहिला दिवस आठवला. मी रायगडच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वडील मुंबईच्या गोदीत ओझी वाहत. आई गावी लोकांच्या शेतावर लावणी-कापणीला जाई. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली आणि मी प्राध्यापकांच्या खोलीत पाऊल टाकले, तेव्हा कुठे बसायचे ते कुणी सांगितले नाही. प्रत्येक खुर्चीला मालक होता. मी कपाटाला टेकून उभा राहिलो. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आपुलकीने चौकशी केली. आडनाव काय, गाव कुठले आणि गावात वाडी कुठली? कोकणातल्या वाचकाला हा तिसरा प्रश्न समजावून सांगायला नको. आडनावाने उलगडा झाला नाही तर वाडी विचारतात, आणि वाडी सांगितली की सारेच सांगून होते. मी म्हणालो, "बौद्धवाडी." ते म्हणाले, "अच्छा, अच्छा." आणि वर्तमानपत्र वाचू लागले. शिपाईमामांनी बाहेरून एक स्टूल आणले, पाण्याचा पेला पुढे केला आणि "बसा सर" म्हणाले. त्या खोलीत माझे स्वागत केले ते एवढ्याच माणसाने.

या दोन प्रसंगांत अपमानाचा एकही शब्द नाही. तक्रार अर्ज लिहायचा म्हटले तर लिहिण्याजोगे काही नाही. म्हणूनच त्यांच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले पाहिजे असे मला वाटते. खालून वर आलेल्या शिक्षकाला हा समाज कसा आत घेतो, या प्रश्नाला आमच्या किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो डोळ्यांपुढे ठेवला की शाल आणि नारळ यांच्या मागचे चित्र स्पष्ट होते.

२

आमच्या जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. त्याच्या दक्षिण टोकाला सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. या खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या महार वस्त्यांतून एकोणिसाव्या शतकात कितीतरी माणसे मुंबई इलाख्याच्या सैन्यात गेली. निवृत्त होऊन परतली ती पेन्शन घेऊन, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अक्षरओळख घेऊन. पलटणीत सैनिकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती आणि तेथे शिकवणारे शिक्षक पलटणीतूनच तयार केले जात.

खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात आंबडवे गाव आहे. तेथील रामजी मालोजी सकपाळ हे अशा शिक्षकांपैकी एक. त्यांनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले आणि पुढे लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. आजच्या भाषेत सांगायचे तर अध्यापक विद्यालयातून रीतसर पात्रता मिळवलेला हा शिक्षक होता. आमच्या समाजाचा शिक्षणशास्त्राशी आलेला संबंध कालपरवाचा नाही, एवढे तरी यावरून ध्यानात घ्यावे. राखीव जागा आल्या आणि मग ही माणसे शिकवायला लागली, असा जो समज विभागाविभागांतून आढळतो, त्याला इतिहासाचा आधार नाही.

परंतु छावणीच्या आत जे घडले त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. तेथे महार मुख्याध्यापकाला खुर्ची मिळाली ती हुकमाने. छावणीच्या फाटकाबाहेर तो हुकूम चालत नव्हता. या मुख्याध्यापकाचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. हे त्या मुलाने, म्हणजे बाबासाहेबांनी, पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. बापाने आयुष्यभर मुलांना शिकवले आणि मुलाला शाळेत पाणी मिळाले नाही. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरतीही बंद झाली आणि शिक्षक घडवणारे ते एकमेव दारही मिटले.

महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही असेच पलटणीतून निवृत्त झालेले. १८८६ मध्ये ते निवृत्त झाले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून धर्मशास्त्र्यांपुढे प्रश्न ठेवले. त्यांनी 'दीनबंधू'तून लेखन केले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. लोकल बोर्ड म्हणजे रस्ते, विहिरी, शाळा यांचा कारभार पाहणारी संस्था. नव्या सभासदाचे स्वागत कसे झाले? सवर्ण सभासदांनी त्यांच्या शेजारी बसण्यालाच हरकत घेतली. त्यांच्या मताला किंवा त्यांनी मांडलेल्या एखाद्या प्रस्तावाला हा विरोध नव्हता. त्यांच्या बसण्याला होता. सरकारी नेमणूकपत्र हातात असूनही खुर्ची मिळत नाही, हा धडा आमच्या तालुक्याने एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच गिरवला होता.

३

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये स्थापन झाले. वाणिज्य आणि अर्थशास्त्र शिकवणारे हे सरकारी महाविद्यालय. नोव्हेंबर १९१८ मध्ये तेथे राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून भीमराव आंबेडकर रुजू झाले. जागा तात्पुरती होती, पगार महिना साडेचारशे रुपये. वय सत्तावीस. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन, डॉक्टरेटच्या प्रबंधाचे काम करून आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून ते आले होते. कोलंबियात त्यांनी जॉन ड्युई यांची व्याख्याने ऐकली होती.

ड्युईंचे नाव शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यांचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ चा. बी.एड.च्या परीक्षेत त्यांच्यावर हमखास प्रश्न येतो. शाळा म्हणजे लोकशाही जीवनाचा सराव, हे वाक्य आमचे विद्यार्थी-शिक्षक दरवर्षी उत्तरपत्रिकेत लिहितात. परंतु ड्युईंच्या या विद्यार्थ्याला मुंबईच्या प्राध्यापकांच्या खोलीत कसे वागवले गेले, हे किती विभागांत शिकवले जाते?

सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकाकडे फारसे लक्ष दिले नाही. अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकवणार, ही भावना होती. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या व्याख्यानांची ख्याती पसरली आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. म्हणजे वर्गाने त्यांना स्वीकारले. प्राध्यापकांच्या खोलीने मात्र स्वीकारले नाही. तेथे प्राध्यापकांसाठी पाण्याचा माठ होता. त्या माठातले पाणी आंबेडकरांनी पिण्याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली.

हे सहकारी अडाणी नव्हते. ते विद्यापीठाच्या पदव्या घेतलेले, अर्थशास्त्र आणि वाणिज्य शिकवणारे लोक होते. शिक्षण वाढले की जात आपोआप जाते, असे जे सांगितले जाते त्याची परीक्षा या एका माठापाशी होते. वर्गातला विद्यार्थी बदलला, पण शिकवणारा बदलला नाही. याचे कारण काय असावे? माझ्या मते विद्यार्थ्याला त्या प्राध्यापकाकडून ज्ञान हवे होते, म्हणून जवळ येण्यात त्याचा लाभ होता. सहकाऱ्याला मात्र बरोबरीचा एक वाटेकरी स्वीकारायचा होता. ज्ञानाचा उपयोग करून घेणे सोपे असते, ज्ञान असलेल्याला बरोबरीचे स्थान देणे अवघड असते. आजही आमच्या नव्या अध्यापकाला विद्यार्थी लवकर आपले म्हणतात आणि विभागाला वेळ लागतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

त्या काळात बाबासाहेब काय करत होते तेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हाही ते सिडनहॅममध्येच होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव घालता येत नव्हते, ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडन गाठले.

४

माठाची ही गोष्ट मुंबईच्या एका खोलीतली. सात वर्षांनी तीच गोष्ट आमच्या जिल्ह्यात, उघड्या आकाशाखाली, हजारोंच्या देखत घडली.

तिची सुरुवातही एका शाळेपासून होते. महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे लहानपणी शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाले. तरीही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला, कारण शाळेच्या इमारतीचा मालक सवर्ण होता. वर्तमानपत्रातून ओरड झाल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायचे ते इतरांपासून वेगळेच. हाच मुलगा मोठा झाल्यावर महाडच्या परिषदेचा प्रमुख संघटक ठरला.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे ठरले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे खऱ्या मनाने आमच्या बाजूची होती, हे येथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. परंतु ठराव झाल्यावर तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्यातून पाणी घेता आले नाही. कागदावर स्वागत झाले होते, ओठाला पाणी लागले नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेले लोक तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर शहरात परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याची शुद्धी करण्यात आली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेले १०८ घडे पाण्यात ओतले गेले. सिडनहॅममध्ये एका माठाचे रक्षण झाले होते, महाडला एका तळ्यासाठी १०८ घडे खर्ची पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरवायची तेव्हा सवर्णांपैकी कुणी जागा देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा ठराव मांडणाऱ्यांत गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. स्वागत करणारी माणसे त्याही काळी होती. ती ओळखता येत होती, कारण त्यांनी स्वतःचे काहीतरी पणाला लावले होते.

या प्रकरणाचा शेवट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. तळे खाजगी मालकीचे आहे असे म्हणत महाडच्या सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला. पहिले प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर. हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. दरम्यान १९२८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापक झाले आणि जून १९३५ मध्ये तेथेच प्राचार्य झाले. उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे अशी होती, की सरकारच्या विधी महाविद्यालयाचा प्राचार्य हा महाडच्या तळ्याचे पाणी पिण्याचा त्याला हक्क आहे की नाही, या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभा होता. पद मिळाले म्हणून पाणी मिळत नाही, याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

५

ज्याला माठ नाकारला गेला त्याने स्वतः संस्था काढली तेव्हा नव्या अध्यापकांचे स्वागत कसे केले, हेही पाहिले पाहिजे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या प्राचार्यपदी बाबासाहेबांनी संस्कृतचे विद्वान अ. बा. गजेंद्रगडकर यांना आणले. सातारच्या एका ब्राह्मण पंडित घराण्यातले हे गृहस्थ. एल्फिन्स्टनसारख्या सरकारी महाविद्यालयात त्यांची कारकीर्द झालेली. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सोसायटीचे महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस होते. चिटणीसही दलित नव्हते. ज्या माणसाला प्राध्यापकांच्या खोलीत परके ठरवले गेले, त्याने आपल्या खोलीचे दार जात न विचारता उघडले. त्यांना अध्यापकाची विद्वत्ता हवी होती आणि विद्यार्थ्याविषयीची कळकळ हवी होती.

याचा परिणाम काय झाला हे या पृष्ठांच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मिलिंदच्या परिसरात एक नवी पिढी लिहू लागली. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक तेथे उभे राहिले आणि दलित साहित्याच्या चर्चेला प्राध्यापकांच्या खोलीतच जागा मिळाली. शिक्षकाला आदराने आत घेतले की तो केवळ तास घेत नाही, तो आणखी दहा जणांना आत आणतो. आमच्या महाडलाही सोसायटीने १९६१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू केले. ज्या गावच्या शाळेने मोरे यांना वेगळे बसवले, त्याच गावात आसपासच्या वाड्यांतील मुलांना पदवीपर्यंतचे शिक्षण मिळू लागले. त्या मुलांना प्रथमच असेही शिक्षक भेटले, ज्यांना वाडीचे नाव सांगताना आवाज खाली आणावा लागत नव्हता.

६

आता आजच्या काळाकडे वळू. प्राध्यापकांच्या खोलीत आता माठ नाही. पाण्याचे यंत्र आहे, नाहीतर प्रत्येकाची स्वतःची बाटली आहे. पाण्यावरून हरकत घेण्याची सोयच उरलेली नाही. मग हरकत गेली कुठे? माझे म्हणणे असे आहे, की ती बिंदुनामावलीत, मुलाखतीच्या शेऱ्यात आणि वेळापत्रकात जाऊन बसली.

बिंदुनामावलीचे उदाहरण घेऊ, कारण लहान विभागांचा, आणि शिक्षणशास्त्र विभाग बहुधा लहानच असतात, तिच्याशी थेट संबंध येतो. राखीव जागा मोजताना संपूर्ण विद्यापीठ हा एक घटक धरायचा की प्रत्येक विभाग वेगळा धरायचा, हा वाद होता. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हाच घटक धरावा असा निकाल दिला. त्याला अनुसरून ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने आदेश काढला. वरवर पाहता ही किरकोळ तांत्रिक बाब वाटते. हिशेब करून पाहिला तर काय दिसते? तेरा बिंदूंच्या त्या नामावलीत चौथी, आठवी आणि बारावी जागा इतर मागासवर्गीयांची, सातवी अनुसूचित जातीची आणि चौदावी अनुसूचित जमातीची. पदेही श्रेणीनुसार वेगवेगळी मोजायची. आता ज्या विभागात सहायक प्राध्यापकांच्या सहाच जागा आहेत, तेथे सातवी जागा येणार कधी? आणि तेरा जागांच्या आत चौदावी कुठून आणायची? कुणाला नाही म्हणावे लागत नाही, कुणाशी वाईट बोलावे लागत नाही. केवळ मोजण्याची रीत बदलली की दलित आणि आदिवासी अध्यापक विभागाच्या दारापर्यंत पोचतच नाही.

२२ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धची अपिले फेटाळली. देशभरचे अध्यापक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ७ मार्च २०१९ रोजी केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि त्याच वर्षी कायदा होऊन केंद्रीय शैक्षणिक संस्थांपुरता तरी संपूर्ण संस्था हाच घटक, हे तत्त्व पुन्हा प्रस्थापित झाले. चवदार तळ्याप्रमाणे येथेही आधी हक्क, मग तो काढून घेणे आणि मग लढून तो परत मिळवणे, असाच क्रम दिसतो.

आपल्या राज्यात २००१ चा आरक्षण कायदा आहे. अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के हे प्रमाण त्यात ठरलेले आहे. परंतु जागा भरायचीच नाही आणि वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर माणसे नेमून काम चालवायचे, हा प्रघात पडला की टक्केवारीला अर्थ राहत नाही. तासिका तत्त्वावरचा अध्यापक तासांच्या हिशेबाने पैसे घेतो, सुटीत त्याला काही मिळत नाही आणि दरवर्षी त्याला पुन्हा अर्ज करावा लागतो. सर्वच जातींचे तरुण यात भरडले जात आहेत हे खरे आहे. परंतु ज्याच्या घरी शेत नाही, बापाची पेन्शन नाही, त्याला किती वर्षे असे थांबता येईल? तो निघून जातो. मग मुलाखत होते आणि राखीव जागेपुढे 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा पडतो. हा शेरा लिहिणाऱ्यांनी एकदा सिडनहॅमचा माठ आठवावा. त्या माठालाही एक विद्वान अयोग्यच वाटला होता.

७

शिक्षणशास्त्र विभागाविषयी मी वेगळे का लिहितो आहे? इतर विभाग विद्यार्थी घडवतात, हा विभाग शिक्षक घडवतो. येथे बसलेला विद्यार्थी-शिक्षक उद्या पोलादपूरच्या डोंगरात किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर एखाद्या वर्गापुढे उभा राहणार असतो. कोळीवाड्यातली, कातकरी वाडीतली, बौद्धवाडीतली मुले त्याच्यापुढे बसणार असतात. आपल्या विभागात नव्या अध्यापिकेची ओळख तिच्या विषयाने झाली की तिच्या जागेच्या प्रकाराने झाली, हे तो टाळ्या वाजवताना पाहत असतो. समतेवरचे आमचे व्याख्यान तो विसरेल, हे विसरणार नाही. पुढे वर्गात हजेरी घेताना त्याचा स्वरही तसाच लागेल.

म्हणून स्वागताच्या प्रश्नाला मी समारंभाचा प्रश्न मानत नाही. या इतिहासातून मला चार गोष्टी दिसतात. वलंगकरांना नेमणूकपत्र मिळाले, खुर्ची मिळाली नाही, म्हणून नव्या अध्यापकाला प्रथम बसायला हक्काची जागा द्यावी. सिडनहॅममध्ये वर्गाने प्राध्यापकाला ओळखले आणि सहकाऱ्यांनी ओळखले नाही, म्हणून त्याची ओळख त्याच्या अभ्यासाने करून द्यावी. महाडला ठराव झाला आणि पाणी मिळाले नाही, म्हणून मंजूर झालेली जागा कायमस्वरूपी आणि वेळेत भरावी. आणि टिपणीस, सहस्रबुद्धे, फत्तेखान यांनी झीज सोसून साथ दिली, म्हणून विभागातल्या जुन्या माणसांनी आपले एखादे आवडते पेपर, एखादा सोयीचा तास, एखादे समितीवरचे स्थान नव्यासाठी सोडावे. हे चारही झाले तर शाल नसली तरी चालेल.

यातली जबाबदारी केवळ सवर्णांची आहे असे म्हणून आम्हाला मोकळे होता येणार नाही. आमच्यापैकी जे आत आले, स्थिरावले, त्यांनी नंतर आलेल्यांसाठी काय केले? काही जण तर नव्या माणसाच्या जवळ दिसू नये म्हणून मुद्दाम दूर बसतात. त्यांची भीती मला समजते, मीही ती अनुभवली आहे. पण त्या भीतीने आणखी एक माठ तयार होतो आणि त्याचे राखणदार आम्ही होतो.

यंदा जुलैमध्ये आमच्या महाविद्यालयात एक मुलगी तासिका तत्त्वावर रुजू झाली. सुधागडच्या बाजूच्या ठाकूरवाडीतून आलेली, तिच्या वाडीतली पहिली पदव्युत्तर. ती दारातच थबकली होती. मी उठून माझ्या टेबलाचा एक खण रिकामा केला, किल्ली तिच्या हातात दिली आणि खोलीतल्या सर्वांना सांगितले, "या आपल्या नव्या सहकारी. भूगोल शिकवतात. खाडीकाठच्या खारजमिनींवर यांनी अभ्यास केला आहे." कोपऱ्यातले ते ज्येष्ठ प्राध्यापक, आता निवृत्तीला आलेले, वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, "गाव कुठलं?" तिने गाव सांगितले. तिसरा प्रश्न येईल म्हणून मी थांबलो. ते क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, "आमच्याकडंही बंधारा फुटून खारं पाणी शेतात शिरलंय. त्याचं काय करावं?" ती खुर्ची ओढून बसली आणि समजावून सांगू लागली.

शिपाईमामांनी पाण्याचे पेले आणून ठेवले. त्यातला कुठला कुणाचा, हे त्या दिवशी कुणी पाहिले नाही.